त्या गाठी नाहीत गं!

(वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं)

दिवाळी झाली की माझ्याकडे एका ठराविक प्रकारची पत्रं यायला लागतात. होस्टेलवरच्या मुली सुट्टीला घरी येतात, आईच्या लक्षात येतं की अरे हिची पाळी तर मागच्या महिन्यात आलीच नव्हती, मग भाऊबीज उरकली की सोनोग्राफी, आणि सोनोग्राफीच्या कागदावर ‘पीसीओ’ (पॉलिसिस्टिक ओव्हरी) ही तीन अक्षरं दिसली की घरात सुतक पडल्यासारखं होतं. यंदा अशी इतकी पत्रं आली की हा अख्खा महिना त्यांनाच देऊन टाकलाय. केस गळतीवाल्यांनी थोडी कळ काढा, पुढच्या अंकात नक्की. नावं अर्थातच छापलेली नाहीत.

प्रश्न: डॉक्टर मॅडम, मी अकरावी सायन्सला आहे, नीटच्या क्लाससाठी लातूरला होस्टेलवर राहते. वय साडेसोळा, पाळी चौदाव्या वर्षी सुरू झाली. ती महिन्याच्या महिन्याला येत नाही, लांबते. दिवाळीत आईने सोनोग्राफी केली, त्यात दोन्ही ओव्हरीज मोठ्या आहेत आणि भरपूर गाठी आहेत असं निघालं. डॉक्टर म्हणाले पीसीओडी आहे, वजन कमी कर, आणि दोन मिनिटांत आम्ही बाहेर. वजन ५२ आहे, उंची पाच फूट दोन इंच. तेव्हापासून मी रात्रीचं जेवण बंद केलंय तरी पाळी अजूनच लांबली. चेहऱ्यावर केस वगैरे नाहीत, पिंपल्स येतात थोडे. मामीने आईला सांगितलं अशा मुलींना मूल होत नाही, आई रात्री रडते. ह्या गाठी कॅन्सरच्या असतात का, ऑपरेशन लागेल का, आणि लागलं तर नीटच्या आधी केलेलं बरं का नंतर? मला तारखा लिहायची सवय आहे म्हणून लिहिते: १२ जून, २४ जुलै, ५ सप्टेंबर, १३ ऑक्टोबर, १ डिसेंबर. रिपोर्टचा फोटो जोडलाय.

उत्तर: अगं, कॅन्सर नाही, ऑपरेशन नाही, आणि आज रात्री मेसमध्ये जाऊन नीट जेव. बाकीचं सावकाश वाचलंस तरी चालेल.

आधी त्या ‘गाठी’ या शब्दाचा बंदोबस्त करू, कारण निम्मी भीती त्या एका शब्दाची आहे. गाठ म्हटलं की आपल्याकडे माणसाला थेट कॅन्सर हॉस्पिटलच दिसतं. तुझ्या सोनोग्राफीत दिसतायत त्या गाठी नाहीतच, ती फॉलिकल्स आहेत, म्हणजे बीज ज्यात वाढतं त्या पाण्याने भरलेल्या बारीक पिशव्या, २ ते ९ मिलिमीटरच्या, मोहरीच्या दाण्यापासून हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या. त्या प्रत्येक मुलीच्या अंडाशयात असतात, असायलाच हव्यात. दर वेळी त्यातल्या बऱ्याच वाढायला लागतात, एक पुढे जाते, फुटते, बीज बाहेर पडतं आणि बाकीच्या विरून जातात. पण पाळी सुरू झाल्यावरची पहिली काही वर्षं मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी आणि अंडाशय यांचं सूर जुळणं चालू असतं, म्हणून पुष्कळदा होतं काय की सगळ्याच पिशव्या निघतात आणि अर्ध्या वाटेत थांबतात, फुटत कुणीच नाही, आणि सोनोग्राफीत ती माळ दिसते. ही माळ तुझ्या वयाच्या कितीतरी धडधाकट मुलींना दिसेल, तुझ्या क्लासच्या बॅचला रांगेत उभं करून सोनोग्राफी केली तर डझनभर घरांत तरी मामी तयारच आहेत.

म्हणूनच पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, तुला सांगितलेल्या पीसीओडीचंच दुसरं नाव) बद्दलच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आहेत ना, ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या पुढाकाराने २०१८ मध्ये निघाल्या आणि २०२३ मध्ये सुधारल्या त्या, त्यांच्यात स्पष्ट सांगितलंय की पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षं होईपर्यंत निदानासाठी सोनोग्राफी धरायचीच नाही. तुला अडीच वर्षं झालीयेत. एएमएच नावाची रक्ताची टेस्टसुद्धा तुझ्या वयात ह्या निदानासाठी चालत नाही, कुणी सुचवली तर तेवढे पैसे वाचव.

आता तू पाठवलेला रिपोर्ट. सगळ्यांनी वाचला तो वरचा भाग, उजवी ओव्हरी ११ सीसी, डावी १२ सीसी, मल्टिपल पेरिफेरल फॉलिकल्स, म्हणजे कडेकडेने बऱ्याच पिशव्या. शेवटची ओळ मात्र कुणी वाचली नाही, ‘सजेस्ट क्लिनिकल कोरिलेशन’. म्हणजे काय तर सोनोग्राफी करणारा डॉक्टर स्वतःच म्हणतोय की बाबांनो मला चित्र असं दिसलं, पण निदान मुलीला बघून, तिला विचारून करा. लिटरभर पाणी पिऊन लघवी दाबून बाकड्यावर बसायचं आणि पोटावरून सोनोग्राफी करायची, त्यात ते बारीक दाणे नेमके मोजतासुद्धा येत नाहीत धड, त्यामुळे ती ओळ त्याने उगाच टाकलेली नाही.

मग तुझ्या वयात निदान कशावर होतं? दोन गोष्टी लागतात आणि दोन्ही लागतात. एक, पाळीचं खरोखर अनियमित असणं. दोन, पुरुषी हार्मोन जास्त असल्याच्या खुणा, म्हणजे हनुवटी, ओठावर, छातीवर, पोटावर जाड काळे केस, खूप जास्त पिंपल्स, किंवा रक्तात टेस्टोस्टेरॉन वाढलेलं. आणि अनियमित म्हणजे आईच्या कॅलेंडरप्रमाणे २८ दिवसांनी न येणारी नव्हे हं, हे मला मोठ्या अक्षरात छापायला सांगायला हवं. पाळी सुरू झाल्यावर पहिल्या वर्षात कशीही आली तरी चालतं. एक ते तीन वर्षांत २१ ते ४५ दिवसांच्या आत असली तर ठीक. तीन वर्षांनंतर मात्र ३५ दिवसांच्या वर जायला लागली किंवा वर्षात आठपेक्षा कमी वेळा आली तर लक्ष घालायचं. आणि पहिलं वर्ष सरल्यावर एकदा जरी ९० दिवसांच्या वर गॅप पडली तरी डॉक्टर गाठायचा.

तू तारखा पाठवल्यास हे फार म्हणजे फारच बरं केलंस, ओपीडीत समोर बसलेल्या दहा मुलींपैकी नऊजणींना शेवटची तारीखसुद्धा आठवत नाही. मी कागदावर मांडून बघितलं, तुझ्या गॅप येतात ४२, ४३, ३८ आणि ४९ दिवस. पहिल्या तिन्ही ४५ च्या आत, म्हणजे तुझ्या वयाला चालण्यासारख्या. राहिली ती ४९ ची. ती कुठली? १३ ऑक्टोबर ते १ डिसेंबर, म्हणजे सोनोग्राफी झाल्यानंतरची, म्हणजे तू रात्रीचं जेवण सोडल्यानंतरची! शरीराला पोटभर मिळत नाही असं वाटलं की मेंदू पाळीचं काम मागे ढकलतो, त्यात टेस्ट सिरीज, जागरण, रडारड, म्हणजे बघ, तुझी पाळी ज्या उपायाने लांबलेली असू शकते तोच उपाय तू आजारावरचा म्हणून करतेयस. ह्या उंचीला ५२ किलोत मला तरी कमी करण्यासारखं काही दिसत नाही.

अजून एक चौकशी. ५ सप्टेंबर ही तारीख बघून मला शंका आली. तुमच्या भागात महालक्ष्म्या बसतात, तू घरी गेली असणार, तेव्हा कुणी ‘पाळी पुढे ढकलायची गोळी’ दिली होती का? दिली असली तर ती गोळी बंद केल्यावर दोनतीन दिवसांत जो रक्तस्राव होतो ती तुझी आपोआप आलेली पाळी नव्हे, डायरीत तिथे फुली मारून ठेव आणि डॉक्टरांना सांग. मेडिकलमधून आणून सणासुदीला ह्या गोळ्या वाटल्या जातात आणि मग पुढे चार महिने हिची पाळी का बिघडली म्हणून सगळे विचारत फिरतात. देव काही रागावत नाही गं, पण ते ह्या कॉलमचं काम नाही.

मी तुला तपासलेलं नाही, त्यामुळे तुला पीसीओएस होणारच नाही असं लिहून देऊ शकत नाही. तू सांगितलंस त्यावरून आज ते लेबल लावण्यासारखं काही दिसत नाही एवढंच. उन्हाळ्याच्या सुट्टीत एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे शांतपणे जा, डायरी घेऊन जा, आणि विचार की थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन बघायचं का, टेस्टोस्टेरॉन बघायचं का. निदान पक्कं होत नसेल तर डॉक्टर ‘धोका आहे, नजर ठेवू’ असं म्हणून पुढे परत बघतात, तेही चालतं, ती टाळाटाळ नसते. आणि आईला हे पान वाचायला दे. मामीला पण दे.

प्रश्न: माझी मुलगी १७ पूर्ण आहे, आम्ही डोंबिवलीला राहतो. तिला पाळी बाराव्या वर्षी आली. गेल्या वर्षात फक्त चार वेळा आली, हनुवटीवर जाड केस येतात, दर आठवड्याला थ्रेडिंगला जाते, कॉलेजला स्कार्फ बांधूनच जाते. रक्ततपासणीत टेस्टोस्टेरॉन वाढलेलं आहे, थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन नॉर्मल. डॉक्टरांनी २१ गोळ्यांचं पाकीट दिलं. मेडिकलवाल्याने सगळ्यांसमोर विचारलं कुणासाठी हव्यात, ह्या कुटुंबनियोजनाच्या आहेत. सासूबाईंनी ऐकलं आणि पाकीट उचलून ठेवलं, कुमारिकेला असल्या गोळ्या द्यायच्या नाहीत म्हणाल्या. पुढे मूल व्हायला त्रास होईल का? एक डॉक्टर पीसीओडी म्हणतात एक पीसीओएस, ह्यातला मोठा आजार कोणता? आणि लग्न जमवताना हे सांगावं लागतं का?

उत्तर: ताई, वरच्या मुलीचं आणि तुमच्या मुलीचं प्रकरण एकदम वेगळं आहे. तिच्याकडे नुसता फोटो आहे, तुमच्या मुलीकडे दोन्ही खुणा आहेत. पाळी येऊन पाच वर्षं झाली तरी वर्षाला चारच, आणि केस आणि वाढलेलं टेस्टोस्टेरॉन. सोनोग्राफी न करता निदान होतं इथे, आणि तुमच्या डॉक्टरांनी थायरॉईड, प्रोलॅक्टिन बघितलं म्हणजे काम नीट केलंय. फक्त १७ ओएच प्रोजेस्टेरॉन ही एक टेस्ट झालीय का विचारा, ॲड्रिनल ग्रंथीचा एक जन्मजात आजार हुबेहूब असाच दिसतो, तो नाही ना एवढं बघायला. आणि केस जर हळूहळू न येता दोनचार महिन्यांत झपाट्याने आले असतील, आवाज घोगरा झाला असेल, तर मात्र वाट न बघता परत दाखवा, त्याची कारणं वेगळी असतात.

पीसीओडी आणि पीसीओएस हे लहान आजार आणि मोठा आजार असं मोबाईलवर सगळीकडे फिरतंय, पण ओपीडीत दोन्ही शब्द एकाच गोष्टीला वापरतात. नावाचाच घोळ आहे मुळात. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल ह्या दोन डॉक्टरांनी सात बायकांचं वर्णन केलं, त्यांची अंडाशयं मोठी दिसली, म्हणून नाव अंडाशयावरून पडलं ते पडलं. खरं तर हा सगळ्या शरीराच्या हार्मोनचा मामला आहे, इन्शुलिन त्यात मोठा भागीदार आहे, अंडाशय आपलं नावाला बदनाम. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मूल होण्याच्या वयातल्या शंभरातल्या १० ते १३ बायकांना हे असतं, म्हणजे तुमच्या बिल्डिंगमध्ये पण असणार, कोण सांगत नाही इतकंच.

आता गोळ्या. हो, त्या गर्भनिरोधक गोळ्याच आहेत, मेडिकलवाला खोटं बोलला नाही, फक्त तोंड उघडायची जागा चुकली त्याची. पण गोळीला काय माहीत ती कुणी आणि कशासाठी घेतली! तुमच्या मुलीच्या अंगात ती दोन कामं करते. एक तर अंडाशयातून निघणारं टेस्टोस्टेरॉन कमी करते आणि वर लिव्हरला एक प्रथिन जास्त बनवायला लावते जे रक्तातल्या टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवतं, म्हणजे ते केसांच्या मुळापर्यंत पोचत नाही. दुसरं काम गर्भाशयाच्या अस्तराचं. तीनतीन चारचार महिने पाळी नाही म्हणजे अस्तर आत साचत, जाड होत राहतं, मग एकदा आली की पंधरा दिवस जात नाही, आणि हे वर्षानुवर्षं असंच चालू दिलं तर पुढे मोठ्या वयात अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. गोळीने अस्तर ताब्यात राहतं. सासूबाईंना गोळी नकोच असेल तर डॉक्टरांना विचारून निदान तीन महिन्यांतून एकदा प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देऊन पाळी आणता येते, पण त्याने हनुवटीचे केस हटणार नाहीत, आणि मला वाटतं तुमच्या मुलीचं खरं दुखणं तिथे आहे. स्कार्फ बांधून जाते असं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. मी तिथेच थांबले.

केसांचं सांगते. गोळी सुरू केल्यावर सहा महिने तरी फरक दिसत नाही, कारण उगवलेला केस आपलं आयुष्य पूर्ण करूनच जातो, म्हणून दोन महिन्यांत ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडू नका. आधीच जाड झालेल्या केसांना लेसर चालतो, पण आतलं हार्मोन ताब्यात नसताना नुसता लेसर म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. तोवर थ्रेडिंग करा, रेझर वापरला तरी चालतो, रेझरने केस जाड होतात ही आपली समजूत आहे, टोक बोथट कापलं जातं म्हणून राठ लागतं हाताला, बाकी काही नाही.

गोळीने आजार मुळापासून जात नाही हेही सांगून ठेवते नाहीतर पुढे मला शिव्या द्याल. पाकिटातल्या गोळ्या संपल्यावर येते ती गोळीमुळे आलेली पाळी, गोळी बंद केली की जुनं गाणं परत सुरू होऊ शकतं. त्याला गोळीने ‘सवय लावली’ म्हणायचं नाही, आजार होता तिथेच होता. गोळी चालू असताना टेस्टोस्टेरॉनची तपासणी परत करून रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून पेढेही वाटायचे नाहीत, निदानासाठी ती टेस्ट करायची तर गोळी निदान तीन महिने बंद लागते. आणि सगळ्यांनाच ही गोळी चालत नाही. अर्धशिशीच्या आधी डोळ्यांसमोर झगमग, वेड्यावाकड्या रेघा येत असतील, घरात कुणाच्या पायात फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल, बीपी असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगायचं. गोळी चालू असताना एकच पाय सुजून दुखायला लागला, छातीत दुखलं, दम लागला तर तिथल्या तिथे हॉस्पिटल, व्हॉट्सॲपवर विचारत बसायचं नाही.

मूल होण्याबद्दल. पीसीओएसमध्ये बीज कमी वेळा बाहेर पडतं, पण बीजं संपलेली नसतात. काहीजणींना दिवस राहायला वेळ लागतो, काहींना औषध लागतं, लेट्रोझोल नावाची गोळी सध्या त्यासाठी पहिली दिली जाते, आणि बहुतेकींना मुलं होतात. कितीजणींना तर नको असताना होतात, कारण ‘आपल्याला पीसीओडी आहे, आपल्याला कुठलं राहतंय’ अशा भरवशावर राहिलेल्या असतात. हे मोठ्या मुलींसाठी लिहिलंय, सासूबाईंनी वाचू नये. आणि गोळीने वांझपण येत नाही, बंद केली की बीज बाहेर पडणं पुन्हा त्या मुलीच्या आधीच्या चालीवर येतं.

लग्नाचं विचारलंत. जिच्याशी निगडित आहे ती मुलगी सज्ञान होईल, कमवेल, तिला वाटलं तर ती स्वतः त्या मुलाला सांगेल, जसं त्याने आपली शुगर, आपला चष्मा सांगायचा तसं. पण ताई खरं बोलू का, बारावीतल्या पोरीच्या हनुवटीवरच्या केसांचं पत्र लग्नावर येऊन संपतं तेव्हा मला पेन खाली ठेवावंसं वाटतं. तिला झोप लागते का, जेवते का, मैत्रिणींत मिसळते का, हे लिहिलं असतंत तर मला जास्त उपयोग झाला असता. ह्या आजारात उदास वाटणं, घाबरल्यासारखं होणं जास्त आढळतं, मार्गदर्शक सूचनांमध्ये त्याची चौकशी करायला वेगळं सांगितलंय. तुमच्याशी बोलत नसेल तर मनाच्या त्रासाबद्दल बोलायला टेलिमानसचा १४४१६ नंबर आहे सरकारी, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

प्रश्न: मी नाशिकची, वय १५, दहावी. मला पाळी अकराव्या वर्षी आली आणि आता दोन दोन महिन्यांनी येते. पाठीवर आणि गालावर खूप पिंपल्स आहेत. डॉक्टर पीसीओएस म्हणाले पण सगळे हसतात, एवढी काडी आहेस तुला कसला पीसीओएस, तो जाड्या मुलींना होतो. माझी मान मागून काळी पडलीय, आई दर रविवारी बेसन आणि लिंबू लावून घासते, आता आग होते. पप्पांना आणि आत्याला शुगर आहे. इन्स्टावर सांगतात दूध, गहू, साखर सगळं सोडा. काय सोडू?

उत्तर: सगळ्यात आधी लिंबू सोड! आईला सांग तो मळ नाहीये. मानेवर, काखेत, मऊ मखमलीसारखी जाडसर काळी कातडी येते ती बऱ्याच वेळा आतमध्ये इन्शुलिन जास्त झाल्याची खूण असते, ती घासून जात नाही, घासून फक्त सोलवटते.

आता काडी असण्याबद्दल. मुंबईत १५ ते २४ वयाच्या मुलींचा एक अभ्यास झाला होता, २०१४ साली प्रसिद्ध झाला, त्यात पीसीओएस निघालेल्या शंभरातल्या सत्तरपेक्षा जास्त मुली लठ्ठ नव्हत्याच. त्याच अभ्यासात अजून एक मजेशीर आकडा आहे, सोनोग्राफी धरून मोजलं तर २२.५ टक्के मुलींना पीसीओएस, आणि पुरुषी हार्मोनची खूण असलीच पाहिजे अशी अट घातली तर १०.७ टक्के. मुली त्याच, फूटपट्टी बदलली की आकडा निम्मा. (लातूरवाली वाचतेयस ना?)

आणि आपल्याकडे बारीक दिसणं म्हणजे आतून बारीक असणं नव्हे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यावर वर्षानुवर्षं काम करतायत. २००४ साली त्यांचा आणि त्यांच्या इंग्रज सहकाऱ्याचा, डॉ. युडकिन यांचा, दोघांचा शेजारी शेजारी फोटो ‘लॅन्सेट’ ह्या मासिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! वजनकाट्यावर दोघे बरोबरीचे आणि आत दुपटीपेक्षा जास्त फरक. तर तू काडी असशील, पण पप्पांना शुगर, आत्याला शुगर, मान काळी, म्हणजे तुझ्या शरीराला नेहमीची साखर हलवायलाच जास्त इन्शुलिन लागत असणार. आणि ते जादा इन्शुलिन अंडाशयाला जाऊन सांगतं, टेस्टोस्टेरॉन बनव अजून. पाळी लांबणं, पिंपल्स, मान, सगळी त्याच झाडाची पानं.

तेव्हा हसणाऱ्यांना हसू दे, तू डॉक्टरांना शुगरची तपासणी करायला सांग, उपाशीपोटी आणि ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी अशी. गोड मिट्ट पाणी असतं ते, लिंबू इथे पिळायला चालतं का विचार. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन दिलं तर घाबरू नको, हो ती शुगरचीच गोळी आहे, पण ती इन्शुलिनचं काम हलकं करायला दिलेली असते, घेतलीस म्हणून तुला डायबेटिस झाला असं नाही. सुरुवातीला पोट बिघडतं, जेवणाबरोबर घे, डोस हळूहळू वाढवतात.

काय सोडू ह्याचं उत्तर, फारसं काही नाही. पीसीओएससाठी अमुक एकच डाएट भारी असं कुठल्याही अभ्यासात सिद्ध झालेलं नाही, दूध आणि गहू सोडून तू दहावीच्या वर्षात फक्त चिडचिडी होशील. कोल्ड्रिंक आणि पाकिटातला ज्यूस बंद कर. डब्यात नुसते पोहे किंवा नुसती साबुदाण्याची खिचडी असते ना, त्यात मूठभर मोड आलेली मटकी, दाणे, किंवा बरोबर अंडं, दही असं काहीतरी येऊ दे. आणि रोज तासभर घाम येईल अशी हालचाल, त्यात आठवड्यातून तीनदा जोर लावायचा व्यायाम, दोरीउड्या, सूर्यनमस्कार, कबड्डी काहीही. वजन कमी करायला नव्हे, तुझं कमी करायचंच नाहीये. स्नायू वापरले की ते इन्शुलिनचं जास्त ऐकतात, म्हणून. दहावी आहे म्हणून पीटीचा तास गणिताला दिला असेल शाळेने, तो परत मागता आला तर बघ.

प्रश्न: मी वडील लिहितोय. मुलीची आई नाही. मुलगी तेरा वर्षांची, आठ महिन्यांपूर्वी पाळी सुरू झाली, कधी वीस दिवसांनी येते कधी दोन महिन्यांनी. शेजारच्या वहिनी म्हणतात पीसीओडी असेल, सोनोग्राफी करून घ्या. हे तिच्याशी बोलायचं कसं तेच कळत नाही.

उत्तर: दादा, बोलायला सुरुवात केलीत की, मलाच लिहिलंत. सोनोग्राफी करू नका, पहिल्या वर्षात हे असंच चालतं. फक्त रक्तस्राव इतका होत असेल की तासादोनतासाला पॅड भिजतोय, किंवा सात दिवसांच्या वर जातोय, चक्कर येतेय, पांढरी पडलीय, तर मात्र लगेच दाखवा. अशक्तपणा होऊ द्यायचा नाही. नाहीतर वर्ष पूर्ण होईपर्यंत काही करायचं नाही, तारखा लिहायच्या फक्त.

तिला बायकांशीच बोलावंसं वाटलं तर सरकारी जिल्हा रुग्णालयात, उपजिल्हा रुग्णालयात मैत्री क्लिनिक असतं, किशोरवयीन मुलामुलींसाठीच, तिथे समुपदेशक असतात. डॉक्टरांकडे नेलंत तर थोडा वेळ तुम्ही बाहेर बाकड्यावर बसा, ती एकटीच बोलू दे त्यांच्याशी, आणि बाहेर आल्यावर ‘काय काय विचारलं’ म्हणून उलटतपासणी घेऊ नका.

आणि तारखांसाठी ॲप वगैरे काही लागत नाही. स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर असेल, त्यावर दुधाचे खाडे मांडत असाल, तिथेच तिला एक बारीक टिंब काढायला सांगा. रंग तेवढा वेगळा वापरा, नाहीतर महिनाअखेरीला दूधवाल्याशी भांडण व्हायचं.